जिवंत शिरका

४ फेब्रुवारी

भावोजी,

आशीर्वाद आणि खुशाली मागाहून, आधी कामाचं. मला एक कॅन जिवंत शिरका हवा आहे. उकळलेला नको, गाळलेला नको. तुमच्या ढोलाखालून काढलेला, गढूळ, जसा असेल तसा.

फोन का केला नाही म्हणाल, तर माझा नंबर दिसला की तुमचा फोन वाजून वाजून गप्प होतो. आणि उचललात तरी या घरात एका खोलीत बोललेलं दुसरीत ऐकू जातं. हे पत्र मी लिहिते आहे हे तुमच्या दादांना माहीत नाही. ते खाली कारखान्यात आहेत, रिकाम्या ढोलांभोवती फेऱ्या घालताहेत.

शिरका बनवायचे आमचे तिन्ही लाकडी ढोल बंद पडलेत. शिरक्याचा आंबटपणा उतरत चालला होता, ढोलांना काहीतरी रोग लागला असं वाटलं, आणि दादांनी वरून उकळतं पाणी सोडलं. आतल्या लाकडाच्या ढलप्या स्वच्छ झाल्या. इतक्या स्वच्छ, की त्यांच्यावर सायीसारखा धरलेला तो जीव, स्पिरिटचा शिरका करणारा, सगळा धुऊन गेला. आता वरून स्पिरिट-पाणी सोडलं की खाली स्पिरिट-पाणीच येतं.

तळघरात भरलेल्या बाटल्या आहेत, पण त्या उकळून भरलेल्या. विकायला ठीक, विरजणाला निरुपयोगी. कोपऱ्यात कच्च्या शिरक्याचं मामंजींच्या वेळचं पिंप होतं, तेही दादांनी ढोल सुधारावेत म्हणून आधीच त्यांत रिकामं केलं होतं. मी पुलापलीकडच्या कारखान्यात जाऊन आले. मालकांनी खुर्ची दिली, चहा दिला, आणि हसत म्हणाले, "वहिनी, शिरका मागा, हवा तेवढा देतो. विरजण तेवढं मागू नका." त्यांचं चूक नाही. आपण तरी त्यांना कुठे दिलं असतं?

तेव्हा मामंजींच्या शिरक्याचं जिवंत विरजण आता तुमच्याकडेच काय ते उरलंय. तुम्ही जाताना जे पिंप भरून नेलंत त्याचं. त्या दिवशी अंगणात, सगळ्या कामगारांसमोर, दादा तुम्हाला काय म्हणाले ते मी विसरलेले नाही. तुम्हीही विसरा असं म्हणत नाही. पण विरजणाचा त्यात काही दोष नाही.

घाई एवढ्यासाठी, की मार्चअखेर काकडीवाले नमुना चाखायला येणार आहेत. तेच ते, काकड्या-कांदे मुरवून बरण्या भरणारे. आपला निम्म्याहून जास्त माल त्यांचा. गेल्या दोन वेळा त्यांनी तोंड वाकडं केलंय. या वेळी नमुना जमला नाही तर ते शहरातल्या मोठ्या व्हिनेगर कंपनीकडे जातील, आणि मग आम्हाला दाराला कुलूप लावण्यावाचून गत्यंतर नाही.

बाकी सगळं ठीक. यांच्या डाव्या हाताला थोडं भाजलं होतं, स्टोव्हचं. काळजीचं कारण नाही. धाकट्या जाऊबाईंना सांगा, त्यांनी विणलेला स्वेटर अजून माझ्या अंगावर असतो.

तुमची
वहिनी


१५ फेब्रुवारी

भावोजी,

तुमचं पत्र मिळालं. पत्र कसलं, चिठ्ठीच ती. "दादाने स्वतः मागितला तर देईन. चोराकडे मागायला त्याची जीभ रेटेल का, विचारा." एवढंच. वहिनी कशी आहे, मेली की जगली, काही नाही. मी या घरात आले तेव्हा तुम्ही शाळेत जात होतात आणि तुमच्या शर्टांची बटणं मी लावत होते, हे लक्षात असू द्या. बटणं तोडायची तुम्हाला भारी हौस होती.

बरं, विचारलं. जेवताना सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "भावोजींकडे कच्चा शिरका असेल की." हे म्हणाले, "असेल." मी म्हटलं, "मागून बघायचा का?" हे म्हणाले, "नेलेलं परत मागायचं नसतं." मग पाण्याचा पेला उचलून खिडकीशी जाऊन उभे राहिले. रागावले असते तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाशी भांडता तरी येतं.

दोघे भाऊ सारखे. एकाने मागायचं नाही, दुसऱ्याने मागितल्याशिवाय द्यायचं नाही. मधल्या मध्ये मी आणि तीन कोरडे ढोल.

तुम्ही विचारलं नाहीत, पण दुसऱ्या कुणी विचारलं असतं: उकळतं पाणी सोडण्याइतका रोग होता तरी कसला? तुमच्यासारख्या माणसाला तो प्रश्न पडायला हवा होता. राग आला की तुमची अक्कल रजेवर जाते, ती जुनीच गोष्ट आहे.

तर सांगते. रोग नव्हता.

तुम्ही मला एकदा स्वयंपाकघरात बसून समजावलं होतं. बशीत चमचाभर स्पिरिट पेटवलंत, वर थंड काच धरलीत, काचेवर दव जमलं. म्हणालात, "वहिनी, हे बघा पाणी. आणि दिसत नाही तो कार्बन डायऑक्साइड. स्पिरिट हवेतला ऑक्सिजन घेतं आणि एका दमात शेवटच्या थांब्यापर्यंत जातं. ढोलातही ते त्याच वाटेने निघतं, ऑक्सिजनच घेतं. फक्त आपण त्याला अर्ध्या वाटेत उतरवून घेतो. तिथे त्याचा शिरका झालेला असतो." मी विचारलं, "आणि उतरवलं नाही तर?" तुम्ही म्हणालात, "तर ढोलातला जीव स्पिरिट संपलं की शिरकाच खायला घेतो. मग तिथेही शेवटी पाणीच."

आमचं तेच झालं. शिरका वेळेवर उतरवला गेला नाही. फिका पडला, तर अजून तयार नाही समजून आणखी फिरवला. आणखी फिका पडला. मग रोग ठरला.

तुमचे दादा, ज्यांनी जन्मभर ढोलाच्या तोंडाशी नुसतं वाकून "आता काढा" म्हटलं आणि कधी चुकले नाहीत, त्यांच्याकडून तिन्ही ढोलांत असं कसं झालं, हे मला विचारू नका. शिरका पाठवा.

वहिनी


१९ फेब्रुवारी

भावोजी,

मी विचारू नका म्हटलं आणि तुम्ही फोन करून तेच विचारलंत. एवढ्या वर्षांत पहिला फोन, आणि नेमके हे समोर बसलेले. म्हणून "राँग नंबर" म्हणून ठेवला. वाईट वाटून घेऊ नका.

आता लिहितेच. हे कुणाला बोलायचं नाही, धाकट्या जाऊबाईंनाही शक्यतो नको. त्यांच्या पोटात राहील, पण चेहऱ्यावर दिसेल.

तुमच्या दादांना वास येत नाही.

गेल्या वर्षी ताप आला होता त्यांना. तुम्हाला कुणी कळवलं नसणार. ताप गेला आणि जाताना वास घेऊन गेला. आधी वाटलं, सर्दी असेल, येईल. मग एक दिवस मी बाजारातून आले तर घरभर धूर, दूध उतू जाऊन पातेलं जळून काळं झालेलं, आणि हे गॅसपासून हातभर अंतरावर पेपर वाचताहेत. मला बघून म्हणाले, "आलीस?" मी गॅस बंद केला, खिडक्या उघडल्या. यांनी पातेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पेपरचं पान उलटलं. त्यावर आम्ही आजतागायत एक अक्षर बोललेलो नाही.

बाजारात त्यांना काय म्हणतात ते तुम्हाला माहीतच आहे. "नाकाला विचारा." "नाक आलंय का आज?" लोक नाव विसरले, नाक राहिलं. तुमचं भांडणसुद्धा त्यावरूनच झालं. तुम्हाला स्टीलची टाकी हवी होती, हवेचा पंप आणि मीटर हवे होते. हे म्हणाले होते, "ज्याला नाक नाही त्याला मीटर लागतो." आता सांगा, हा माणूस कुणाकडे जाऊन काय सांगणार?

डॉक्टरांकडे एकटेच गेले होते. मला कळलं ते शर्टाच्या खिशातल्या नाकात टाकायच्या थेंबांमुळे. आंबट, खारट जिभेला कळतं, बाकी काही नाही. शिरका चाखला की आंबट लागतो, पण त्यात स्पिरिट अजून किती उरलंय ते नाकाशिवाय कळायचं कसं? म्हणून हे अंदाजाने चालवत होते. काही महिने अंदाज बरोबर आले. मग चुकायला लागले.

मला संशय आला तेव्हा तुमचं नारंगी पाणी शोधलं. कपाटात वरच्या फळीवर तुमची बाटली होती, तुमच्या अक्षरातली चिठ्ठी लावलेली: "स्पिरिट असेल तर हिरवं. वहिनींनी हात लावू नये, भाजेल." मी हातमोजे घालून लावला हात. ढोलाखालचा शिरका परीक्षानळीत घेतला, नारंगी थेंब टाकले, गरम पाण्यात धरली. नारंगी ते नारंगीच. हिरव्याची झाकसुद्धा नाही. म्हणजे स्पिरिट कधीच संपलं होतं आणि ढोल आपलाच शिरका खात बसला होता.

मी खाली गेले. मिस्त्री पंपाशी होते, हे ढोलाच्या तोंडाशी वाकलेले. मी म्हटलं, "अहो, उतरवायला झाला असेल ना आता?" यांनी खोल श्वास घेतला. छाती भरून, नेहमी घेतात तसा. आणि म्हणाले, "छे, अजून आहे. मला वास येतोय."

भावोजी, मी तिथेच म्हणायला हवं होतं, नाही येत तुम्हाला. मिस्त्री उभे होते. माझ्याच्याने झालं नाही. मी म्हटलं, "बरं." आणि वर येऊन परीक्षानळी धुऊन ठेवली. त्यानंतर ढोल आणखी आठवडाभर फिरले. मला अजून त्या "बरं"चा राग येतो, आणि त्यांच्या त्या श्वासाची कीवही येते.

आता हाताचं. स्टोव्हचं भाजलं असं मी लिहिलं होतं, ते अर्धंच खरं. ढोल धुवायला पाणी तापवायचं म्हणून अंगणात स्टोव्ह मांडला होता. स्पिरिटच्या पिंपाचा नळ ठिबकत होता आणि फरशीच्या उतारावरून ओघळ थेट स्टोव्हपर्यंत आला होता. मला जिन्यातच वास आला, नाकात झोंबेल एवढा. मी हाक मारणार तेवढ्यात यांनी काडी ओढली. भर दुपारचं ऊन, त्यात स्पिरिटची ज्योत कसली दिसतेय. नुसती हवा थरथरताना दिसली. आणि हे त्या थरथरत्या हवेत हात घालून पातेलं सरळ करत होते. बाहीने पेट घेतला तेव्हा कळलं.

मिस्त्रींनी बादली ओतली, आधी यांच्यावर, मग फरशीवर. स्पिरिट पाण्यात मिसळतं म्हणून एवढ्यावर निभावलं. तेलाची आग असती तर पाण्याने उलट पसरली असती. पिंप चार पावलांवर होतं. त्याचं मी मनात आणत नाही.

मिस्त्री मला बाजूला घेऊन म्हणाले, "वहिनी, एवढा भपकारा होता, मालकांना आला नाही?" मी म्हटलं, "सर्दी झालीय त्यांना." मिस्त्री म्हणाले, "फार दिवसांची दिसतेय." आणि फरशी पुसायला लागले. शहाणा माणूस आहे.

हात बांधून घेतला आणि दुसऱ्या दिवशी ढोल धुतलेच. मी अडवलं नाही.

हे सगळं वाचून तुम्ही म्हणाल, बरी जिरली. म्हणा. तुम्हाला तेवढा हक्क आहे. पण स्वतः मागायची अट घालत असाल तर हे ध्यानात घ्या: त्यांनी मागायचं म्हणजे ढोल का मेले ते सांगायचं. आणि ते सांगायचं म्हणजे आपण आता कोण राहिलो नाही ते सांगायचं. ते हे करणार नाहीत. कारखाना बुडेल, पण करणार नाहीत. तुमचे भाऊ आहेत, मला काय विचारता.

मला त्यांची भीती वाटते हो. कारखाना गेला तर या माणसाने सकाळी उठून जायचं कुठे?

वहिनी


२४ मार्च

भावोजी,

पत्राला उत्तर न देता तुम्ही सरळ येऊन उभे राहिलात, आणि मला घरात धड चहाला दूधही नव्हतं. त्याबद्दल अजून चुटपुट लागून आहे. मांडीवर कॅन, कॅनच्या तोंडाला फडकं, आणि बसमधले लोक नाक मुरडून मागच्या बाकांवर गेलेले. झाकण लावलं असतंत तर जीव गुदमरून मेला असता, ते खरं. पण थोडे तुम्हीही गुदमरल्यासारखे दिसत होतात.

तुम्ही आलात काय आणि गेलात काय, जेमतेम दुपारभर. दादा तुमच्याशी काय बोलले तर, "आधी ढलप्या ओल्या कर." तुम्ही म्हणालात, "केल्या." झालं संभाषण. जाताना तुम्ही मला म्हणालात, "बघा, अजून तसाच आहे."

तुम्ही ढोलावर चढून शिरका ओतत होतात तेव्हा तुम्हाला खालचं दिसत नव्हतं. शिडी मिस्त्रींनी धरली होती असं तुम्हाला वाटत असेल, कारण तुम्ही उतरून मिस्त्रींना "ठीक धरलीत" म्हणालात. मिस्त्रींनी नव्हती धरली. ते फडकं आणायला गेले होते. दोन्ही हातांनी, त्या भाजक्या हातानेसुद्धा, शिडी यांनी धरली होती. तुमचा पाय खालच्या पायरीवर आला तसे बाजूला झाले.

बाकी बातमी अशी. चार-पाच दिवसांतच एक नंबरचा ढोल कोमट झाला. तुम्ही म्हणायचात, जळणंच ते, फक्त धिम्या गतीचं, ऊब निघणारच. यांना वास नाही, पण हात आहे. रोज सकाळी उठून आधी ढोलाला पंजा लावतात, तापलेल्या पोराचं अंग बघावं तसे. नारंगी पाण्याचं काम माझ्याकडे आलंय. कसं आलं ते कुणी बोललं नाही. मी परीक्षानळी घेऊन खाली जाते, हिरवा रंग किती उतरला ते मोठ्याने सांगते, आणि हे मिस्त्रींना "काढा" किंवा "राहू द्या" सांगतात. मिस्त्री माझ्याकडे बघतही नाहीत. तीन माणसांचं मिळून एक नाक झालंय म्हणा ना.

काल काकडीवाले आले. चमच्याने घेतला, जिभेवर घोळवला, दुसऱ्यांदा घेतला. म्हणाले, "हा तो जुना. मधे काय झालं होतं हो?" यांनी चमचा पुसून ठेवला. काकडीवाले म्हणाले, "कुठून पैदा केलात?" मी यांच्याकडे बघत होते. मिस्त्री बघत होते. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्यासमोर तुम्हाला चोर म्हटलं गेलं त्यातले दोघे तिथेच बाटल्या पुसत होते. एवढी संधी पुन्हा येणार नव्हती. हे म्हणाले, "आमचाच आहे. कुठून पैदा करणार?"

माल ठरला. वर्षभराचा ठरला. मी आनंदाने नाचायला हवं होतं. मी वर आले आणि जोरात भांडी आपटली.

रात्री जेवणं झाल्यावर बोललेच. म्हटलं, "आमचाच म्हणे. एक शब्द काढला असता तर जीभ झडली असती? मांडीवर घेऊन आला तो. चोर म्हटलंत त्याला, आणि आज त्याने नेलं नसतं तर आपल्याकडे काय होतं? धुतलेल्या ढलप्या." मी थांबणार नव्हते. म्हटलं, "दूध जळलं तेव्हापासून मला माहीत आहे. सगळं. आणि त्यालाही मी कळवलंय. त्याला हे कळल्यावर तो आलाय, मागितलं म्हणून नाही."

मला वाटलं, आता काही खरं नाही. पण हे म्हणाले, "म्हणून ढोल कसे मेले ते त्याने विचारलं नाही. ढलप्याही मी सांगायच्या आधीच ओल्या केल्या होत्या." मी म्हटलं, "म्हणूनच." हे म्हणाले, "आणि मला वाटत होतं, मी त्याला शिकवतोय." मग हात धुवायला गेले, आणि नळ बराच वेळ चालू राहिला. मी गेले नाही आत. काही वेळा माणसाला एकटं राहू द्यावं लागतं.

आज सकाळी हे लिहायला बसले तर मागे येऊन उभे राहिले. "त्यालाच लिहितेयस?" म्हटलं, "हो." "दोन नंबरच्या ढोलाचं विचार." म्हटलं, "मी नाही विचारणार. पेन घ्या." मला वाटलं, निघून जातील. खुर्ची ओढून बसलेत. पुढचं त्यांच्या हातचं आहे, अक्षर लागलं नाही तर मला दोष देऊ नका.

वहिनी


दोन नंबरचा ढोल हाताला फार गरम लागतोय. मिस्त्री म्हणतो खालची हवेची भोकं मोकळी आहेत, पण मला वाटतं हवा कमी पडतेय. तसं असेल तर ढोलाच्या तोंडाशी कच्च्या सफरचंदासारखा उग्र वास येतो, तुला माहीत आहे. तुझी वहिनी म्हणते कसलातरी येतोय, तिला नक्की सांगता येत नाही. मला वास येत नाही. तू येऊन घे.

दादा